माळ कुठून मोजायची?

पोळ्याला सजवलेला बैल तुम्ही पाहिलाच असेल. अंगावर झूल, शिंगांना रंग, कपाळावर बाशिंग आणि गळ्यात घुंगरमाळ! आमच्या मंठ्याकडची मुलं तर या सणाची कितीतरी दिवस आधीपासून वाट बघतात. त्याच पोळ्याचा एक मोबाइल गेम आम्ही वर्गात करायला घेतला. त्यात चूक कुणाची झाली, ती गोष्ट आज सांगतो.

गेमसाठी आम्ही ‘गोदो’ नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झुर या दोघांनी ते तयार केलं आणि २०१४ मध्ये सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. आता ते अँड्रॉइड मोबाइलवरही चालतं. गेममध्ये जे चित्र दिसतं, हलतं, त्याला ‘स्प्राइट’ म्हणतात. मुलांनी बैल आणि घुंगरमाळ कागदावर काढून रंगवली, मी फोटो काढले. झाले आमचे दोन स्प्राइट तयार!

पहिल्याच दिवशी गंमत झाली. बैल चालू लागला आणि माळ मात्र हवेत लटकत तिथंच राहिली! सारा वर्ग खो खो हसला. मी म्हणालो, "माळ बैलाला जोडावी लागते. बैल पालक आणि माळ त्याचं मूल. पालक जाईल तिकडं मूल जातं."

मग चौथीतल्या एका मुलीच्या हातात मी मोबाइल दिला. तिच्या घरी सर्जा नावाचा बैल आहे, त्यामुळं माळ कुठं येते हे तिला पक्कं ठाऊक. पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिथून बैल उजवीकडं ६०० आणि खाली ४०० वर उभा होता. तिनं कोपऱ्यापासूनच नीट मोजून माळेला ७०० आणि ४४० हे आकडे दिले. माळ गायब!

"अगं, आकडे बघून तरी टाकायचे!" मी सगळ्यांदेखत बोललो. ती काहीच बोलली नाही. मोबाइल टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. नंतर चार दिवस तिनं त्याला हात लावला नाही.

चौथ्या रात्री मी घरी स्वतः करून पाहिलं. माझीही माळ गायब! तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. माळ एकदा बैलाची झाली, की ती कोपऱ्यापासून मोजायचीच नाही, बैलापासून मोजायची. द्यायचे होते फक्त १०० आणि ४०. सॉफ्टवेअरनं मात्र ६०० मध्ये ७०० मिळवले, ४०० मध्ये ४४० मिळवले आणि माळ नेऊन ठेवली पडद्याबाहेर. तिचं मोजमाप चोख होतं. कुठून मोजायचं हे मीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरच मी म्हणालो, "चूक माझी होती." ती हळूच हसली आणि मोबाइल घेतला.

मग लांबचा बैल दाखवायला तिनं त्याचा आकार निम्मा केला. माळही आपोआप निम्मी झाली आणि पडद्यावर तिचं बैलापासूनचं १०० चं अंतर ५० झालं. गळा काही सुटला नाही! एका पठ्ठ्यानं मात्र आपली माळ आधीच निम्मी करून ठेवली होती. ती झाली पाव! निम्म्याचं निम्मं.

तेवढ्यात तिनं विचारलं, "सर, बैल कारखान्यावर गेला तरी माळ गळ्यातच राहील ना?"

तिचे आईवडील दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात. तीही जाते. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला शिक्षण हमी पत्रक दिलं, म्हणजे तिथल्या शाळेत तिला बसता येईल. तिनं माझ्या हातात मोबाइल दिला. पडद्यावर आता गाडी होती. गाडीला बैल जोडलेला, बैलाला माळ. गाडीत एक बाई बसलेली आणि तिच्याशेजारी छोटी मुलगी.

"ही मी," ती म्हणाली. "आईपासून ४० वर."

मी गाडी सरकवली. सगळे मिळून पुढं गेले, पण ते ४० काही बदलले नाहीत. आमच्या वर्गातली तिची जागा मात्र रिकामी झाली. तो गेम मी तसाच जपून ठेवलाय. ती परत आली की पुढचा भाग तिनंच करायचा, असं आमचं ठरलंय.

तोवर एक कोडं तुम्ही सोडवा. बैल निम्मा केला, की त्याचे खूर जमिनीवरून वर उचलले जातात. का बरं? एवढंच सांगतो, की बैलाचं स्वतःचं शून्य त्याच्या पोटाच्या मधोमध आहे. आणि उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका. आधी बघा, आपण मोजायला सुरुवात कुठून केली!