बाबूराव

आमच्या घरी आजवर आलेल्या पाहुण्यांत सर्वांत कमी बोलणारा आणि सर्वांत अधिक दिवस राहिलेला पाहुणा म्हणजे बाबूराव. बाबूराव हे एक कासव होते.

२०१४ सालच्या दिवाळीतली गोष्ट. मनू तेव्हा सात वर्षांची होती. फटाक्यांचा हट्ट विसरावा म्हणून मी तिला बाजारात हिंडवीत होतो. एका दुकानात काचेच्या भांड्यात तिला ते दिसले. जुन्या रुपयाएवढी हिरवीगार पाठ, तीवर पिवळसर रेघा आणि डोळ्यांच्या मागे, कुणी कुंकवाचे बोट ओढावे तसा तांबडा पट्टा. "वाढत नाही साहेब, एवढंच राहतं," दुकानदार म्हणाला. "शिवाय घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते." महिन्याच्या वीस तारखेनंतर लक्ष्मीची चाहूलही न लागणाऱ्या प्राध्यापकाला एवढे आमिष पुरेसे होते.

कासवाचा मान तसा आपल्याकडे जुना. देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असते; त्याला हात लावल्यावाचून आपण पुढे जात नाही. कासवी आपल्या पिल्लांना नुसत्या नजरेने पोसते, हा संतांचा आवडता दृष्टांत मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. बाबूराव मात्र नजरेवर पोसले जाणाऱ्यांतले नव्हते. त्यांना दाणे लागत, पाला लागे, सुकट तर विशेष प्रिय. दुसऱ्या वर्षी ते बशीएवढे झाले. पाचव्या वर्षी पोळीएवढे. काचेचे भांडे जाऊन बालडी आली, बालडी जाऊन धुण्याचे टोपले आले आणि गॅलरीला असा काही वास येऊ लागला की शेजारच्या काकूंनी आमच्याशी बोलणे कमी केले. शेवटी हिने निर्वाणीचा इशारा दिला, "एक तर ते राहील, नाही तर मी."

२०१९ च्या एका संध्याकाळी, मनू शिकवणीला गेली असताना, मी रिक्षा केली आणि गावाबाहेरच्या तळ्यात बाबूरावांना सोडून आलो. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहून मला हात जोडले. खोटे कशाला सांगू, मलाही आपण पुण्य केल्यासारखे वाटले. मनूला सांगितले, "त्याला त्याच्या भावंडांत मोकळं केलं." ती दोन दिवस जेवली नाही.

आता ती महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते. परवा जेवताना तिने एकदम विचारले, "बाबा, बाबूरावची भावंडं कुठे असतात, ठाऊक आहे?"

मी म्हटले, "तळ्यात."

"मिसिसिपीच्या खोऱ्यात. अमेरिकेत."

मग आमटी निवेपर्यंत मी ऐकत राहिलो. ही कासवे तिकडे शेतात पीक काढावे तशी पैदा करतात. १९८९ ते १९९७ एवढ्या काळात पाच कोटींहून अधिक परदेशी धाडली गेली. गंमत अशी की मुलांना त्यांच्यापासून आतड्याचा रोग होतो म्हणून चार इंचांहून लहान पाठीचे कासव विकायला खुद्द अमेरिकेने १९७५ सालीच बंदी केली होती. मात्र परदेशी पाठवायला मोकळीक ठेवली. आपल्या पोरांना नको ते दुसऱ्याच्या पोरांना! युरोपने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने देशी कासवे विकणे नि पाळणे गुन्हा ठरले आणि ते योग्यच झाले. पण परदेशी कासव त्या कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिले. देशी मांडता येत नाही, तेव्हा दुकानदाराने हे मांडले. अशा उपऱ्या जातींची आयात, विक्री, बाळगणे यांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला तो २०२२ च्या दुरुस्तीने.

"उपरी" या शब्दाशी माझे भांडण आहे. मी म्हटले, "अग, बटाटा उपरा, मिरची उपरी. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. बिचाऱ्या कासवानेच काय घोडे मारले?"

"बटाटा शेताबाहेर पडून कुणाचं घर बळकावत नाही बाबा. हे उन्हाला बसायच्या जागा घेतं, खाणं घेतं, वर्षात दोनतीनदा अंडी घालतं, तीस तीस वर्षं जगतं. आणि एवढं वाढलं म्हणजे बाबूराव बहुतेक बाई होती."

यावर मराठीच्या प्राध्यापकाला उत्तर सुचले नाही.

तिने सांगितलेल्यांत मला जपानची रीत पटली. तिथे जत्रेतून हीच हिरवी पिल्ले घरोघर गेली होती. २०२३ च्या जूनपासून ती विकणे बंद, पाण्यात सोडणे बंद. पण घरात आहे त्याने ते खुशाल पाळावे. पाळणेच गुन्हा केले असते तर भीतीपोटी लोकांनी एका रात्रीत सारी कासवे तळ्यांत ओतली असती. शहाणपणाचा कायदा दुकानाच्या फळीशी उभा राहतो, माझ्या गॅलरीत येत नाही. एकदा पाण्यात गेले की कायद्याचे फारसे चालत नाही. जलपर्णी फुलांच्या हौसेने आणली. १९३६ मध्ये बंगालात तिच्यावर कायदासुद्धा झाला. ती अजून तिथेच आहे.

आणि मला कुणी त्या दिवशी दुकानात अडवले असते तर? मनू थोडी रडली असती, इतकेच. नंतरचे दोन दिवस तरी ती जेवली असती.

गेल्या रविवारी आम्ही दोघे त्या तळ्यावर गेलो. काठापासून दहाबारा हातांवर एक खडक आहे. त्यावर उन्हात तीन कासवे बसली होती. तिघांच्याही डोळ्यांमागे तांबडा पट्टा.

"आपण एकच सोडलं होतं ना?" मनू म्हणाली.

मी मान हलवली. आमची चाहूल लागताच तिन्ही पाण्यात सरकली. त्यांतला बाबूराव कोणता, ते मला ओळखता आले नाही.

परतताना बाजारातून आलो. तेच दुकान, तेच काचेचे भांडे. एक गृहस्थ मुलाचा हात धरून उभे होते आणि दुकानदार सांगत होता, "वाढत नाही साहेब."

आयुष्यात अनोळखी माणसांच्या बोलण्यात मी कधी पडलेलो नाही. पण मी पुढे झालो आणि म्हटले, "वाढतं. चांगलं एवढं होतं," आणि दोन्ही हातांनी पोळीचे माप करून दाखवले.