बस्त्यातला निळा

लग्नसराई जवळ आली की सुरतच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारात मराठी जास्त ऐकू येऊ लागते. नंदुरबार, धुळे, जळगावकडची कुटुंबे तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाड्यांनी बस्ता बांधायला येतात. लिंबायत, उधना, डिंडोलीत पिढ्यानपिढ्या स्थिरावलेले खानदेशी तर इथलेच. हळदीची पिवळी, लग्नाचा हिरवा किंवा लाल शालू यांवर दुकानात फारशी चर्चा होत नाही. घोडे अडते ते संगीताच्या किंवा स्वागत समारंभाच्या लेहंग्यापाशी. नवरी मुलगी निळ्यावर बोट ठेवते आणि आत्या, मावशी, आजी यांच्यापैकी कोणीतरी म्हणतेच, ‘शुभकार्यात निळंकाळं नको गं बाई.’ बोलणारीच्या मनात माया असते, मुलीचे चांगले व्हावे एवढेच तिला हवे असते. तरीही या नकाराचा आधार तपासला पाहिजे असे मला वाटते, कारण तो आधार रंगात कधी नव्हताच. तो नीळ बनवण्याच्या रीतीत होता, ती बनवणाऱ्या माणसांकडे पाहण्याच्या नजरेत होता. त्यातली रीत आता जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि नजर ठेवण्यासारखी नाही.

निळीचे झाड हिरवे असते. त्याचा पाला पाण्यात भिजत घालून कुजवायचा, ते पिवळट-हिरवे पाणी तासन् तास घुसळून त्यात हवा मिसळू द्यायची, मग तळाशी निळा गाळ बसतो. तो वाळवून वड्या पाडायच्या. कापड रंगवतानाही हीच नीळ हौदात पुन्हा आंबवावी लागते. या सगळ्याला उग्र घाण येते, हौदात किडे मरतात, रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे होतात. स्मृतिग्रंथांत नीळ निषिद्धांच्या यादीत येते ती या पार्श्वभूमीवर. व्यापार करून पोट भरण्याची वेळ आलेल्या ब्राह्मणाने कोणते जिन्नस विकू नयेत हे सांगताना मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मद्य आणि लाखेबरोबर निळीचे नाव आहे. सडण्यामरण्याशी संबंध आलेल्या वस्तूला आणि तिला हात लावणाऱ्या माणसाला दूर ठेवणे हा त्या निषेधाचा गाभा. अंगावरच्या निळ्या कापडाने वधूचे अकल्याण होते असे सांगणारा काही अनुभव त्यामागे होता, असे मानायला मला जागा दिसत नाही.

या निळीचा इतिहास सुरतेइतका दुसऱ्या थोड्याच शहरांना ठाऊक असेल. मराठी माणसाच्या मनात सुरत म्हणजे 1664 आणि 1670, शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या. पण त्या काळी इथल्या इंग्रज आणि डच वखारींत काय भरले होते याकडे आपण कमी पाहतो. सुती कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर तिथे निळीच्या वड्या असत. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ आणि आग्र्याजवळच्या बयानाची त्याहून सरस नीळ इथल्या बंदरातून युरोपात जाई, आणि ती इतकी खपे की तिकडच्या राजवटींनी आपल्या शेतकऱ्यांचे निळे रंग देणारे पीक वाचवण्यासाठी तिच्यावर बंदी घालून पाहिली. पुढे हा धंदा बंगाल-बिहारात सरकला आणि मळेवाल्यांनी रयतेचे रक्त आटवले. 1859-60 चे निळीचे बंड आणि 1917 चा चंपारणचा लढा त्यातूनच उभे राहिले. निळीला खरेच काही अशुभ चिकटले असेल तर ते या जुलमाचे. शेवटी 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि शेतातली नीळ दोन-तीन दशकांत मागे पडली. आज सुरतेत विकला जाणारा निळा लेहंगा तर त्या कृत्रिम निळीनेही रंगत नाही. जॉर्जेट, नेट, सॅटिन, ऑर्गेंझा यांतला बहुतेक माल पॉलिएस्टरचा. त्यावर डिस्पर्स वर्गातले रंग सुमारे 130 अंश सेल्सियसला, दाबाखालच्या यंत्रात चढवतात. लाल लेहंगाही त्याच यंत्रात, त्याच वर्गातल्या रंगाने लाल होतो. एक शुभ आणि दुसरा अशुभ ठरावा असे त्या यंत्राच्या आत काहीच घडत नाही.

‘शास्त्र राहू द्या, रूढी तर आहे ना?’ असे यावर विचारले जाईल. रूढी आहे, पण ती एकसंध नाही. जुन्या पैठण्यांच्या रंगांत नीळगुंजी आहे. काळ्या चंद्रकळेला संक्रांतीला मान आहे. सौभाग्याचे म्हणून आपण जे गळ्यात घालतो त्यातले मणी काळे आहेत. ज्याच्या सावळ्या-निळ्या रूपावर आपल्या संतांनी जीव ओवाळला तो पीतांबरधारी आहे, म्हणजे निळ्याशेजारी पिवळा शोभतो हे आपल्या देव्हाऱ्याला कधीपासून कळलेले आहे. शनीचे नाव काढणारेही भेटतात. पण ज्या नीलमाला ते भितात तोच पत्रिका पाहून बोटात घालणारी घरेही त्याच गल्लीत असतात. आणि रंगांची रूढी किती लवकर तयार होते हे तर आपण डोळ्यांसमोर पाहिले. नवरात्रात रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसण्याची पद्धत महाराष्ट्रात याच शतकात वृत्तपत्रांनी रुजवली. आता बँकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे ती पाळली जाते आणि तिच्यात निळ्याचाही दिवस असतो. देवीपुढे जो रंग चालतो तो तिच्याच लेकीच्या स्वागत समारंभात का चालू नये, याचे उत्तर मला कोणाकडून मिळालेले नाही.

निळ्याच्या विरोधात एक नाव न घेतलेले कारणही असते, आणि ते मला सर्वांत जास्त खुपते. 1942 मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, त्याचा झेंडा निळा होता. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लाखो घरांत निळा हा मान ताठ ठेवण्याचा रंग आहे. त्या घरांतल्या बौद्ध पद्धतीच्या विवाहात वधूवर पांढरी वस्त्रे नेसतात, आणि भोवतीच्या पताका निळ्या असतात. इतर काही घरांत ‘निळा आपल्यात घेत नाहीत’ असे म्हणताना ‘आपल्यात’ या शब्दावर जोर येतो. तिथे रंग निमित्त असतो, बोलते ती जात. खानदेशातून सुरतेत आलेल्या सगळ्या जातींच्या माणसांनी एकाच मागावर पाळ्या केल्या, एकाच चाळीत पाणी भरले. लेकीच्या लग्नाच्या बस्त्यात ती जुनी भिंत पुन्हा उभी करणे हे अशुभाचे काम आहे.

आता रंगाकडे रंग म्हणून पाहू. फ्रान्सच्या गोब्लँ या राजकारखान्यातल्या रंगखात्याचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांनी 1839 साली दाखवून दिले की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात, आणि परस्परविरोधी रंग शेजारी आले की दोन्ही अधिक तेजस्वी दिसतात. जरीचा सोनेरी हा नारिंगीकडे झुकणारा पिवळा, म्हणजे निळ्याच्या जवळजवळ समोरचा. म्हणून तीच सुरती जर लाल कापडावर मिसळून गेल्यासारखी वाटते आणि निळ्यावर सुटी, उठून दिसते. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीचा मूळ रंगही मंद नारिंगीच असतो. ‘सावळीला निळा खुलत नाही’ हे दुकानातले वाक्य त्यामुळे उलटे आहे. निळ्याशेजारी ती कांती अधिक उबदार दिसते. दुसरा शोध चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखला जातो: प्रकाश मंदावू लागला की लाल आधी काळवंडतो आणि निळा त्यामानाने उजळ राहतो, कारण अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल जवळजवळ दिसत नाही. गोरज मुहूर्ताची वेळ नेमकी ही आहे. दिवे लागण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या तासात मोकळ्या अंगणातला लाल शालू मलूल होतो आणि निळी ओढणी उमलते.

अर्थात प्रत्येक निळा सारखा नाही, आणि इथे आजीबाईंचे म्हणणे मी अर्धे मान्य करते. पिवळ्या दिव्यांच्या प्रकाशात निळ्याचा अंश फार थोडा असतो, त्यामुळे नेव्ही ब्लू रात्रीच्या मंडपात खरोखर काळा दिसतो. छायाचित्रांत तर हमखास. निळंकाळं हा जोडशब्द तिच्या डोळ्यांनी पाहूनच घडलेला आहे. मोरपंखी, फिरोजी, राजनिळा यांचे तसे होत नाही. मार्केटमधल्या गाळ्यांत पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली प्रत्येक निळा चमकतो, तेव्हा ओढणी घेऊन जिन्यापर्यंत, उजेडात यावे आणि मग पिवळ्या दिव्याखालीही धरून पाहावी. कापडानेही रंग बदलतो. सॅटिनवर निळा पाण्यासारखा लकाकतो, मखमलीत तो खोल जातो, नेटच्या थरांत अस्तराचा रंग मिसळून फिका पडतो. अर्धवट शिवलेला लेहंगा घेताना अस्तर त्याच छटेचे आहे ना हे पाहायला बहुतेकजणी विसरतात.

लेहंगाच आपला नव्हे, मग निळा की लाल हा वाद कशाला, असा एक आक्षेप शालूच्या प्रेमापोटी घेतला जातो. ते प्रेम माझ्याही मनात आहे. पण शालू बनारसचा. येवल्याच्या पैठणीत जाणारी जर पिढ्यानपिढ्या सुरतेहून येते. बंजारा स्त्रियांचा आरसे जडवलेला घेरदार फेटिया खानदेश-मराठवाड्यात आपल्या शेजारीच होता, तो आपण आपला मानला नाही एवढेच. अक्षता पडताना अष्टपुत्री किंवा शालू असावा, सप्तपदी त्यातच व्हावी, असे मलाही वाटते. त्या विधीला त्याचा स्वतःचा रंग आहे. संगीत आणि स्वागत समारंभ मात्र विधी नव्हेत, त्यांना आपल्या पूर्वजांनी कोणताही रंग नेमून दिलेला नाही. जी जागा रिकामी आहे तिथे मुलीची आवड बसली तर कोणाचे काही हिरावले जात नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. गडद निळ्याला फिकट आकाशीपेक्षा कितीतरी पट रंगद्रव्य लागते, आणि रंगवल्यावर कापडावर सुटा राहिलेला रंग काढायला कॉस्टिक आणि हायड्रोची वेगळी धुलाई करावी लागते. हायड्रो म्हणजे तेच रसायन, ज्याने आज नीळही विरघळवतात. ते पाणी सुरतेच्या पांडेसरा आणि सचिन या भागांतल्या प्रक्रियागृहांतून बाहेर पडते. ते शुद्ध करणाऱ्या सामाईक यंत्रणा आहेत, पण शुद्धीकरणाचा खर्च टाळण्याचा मोह प्रत्येक स्वस्त मीटरमध्ये दडलेला असतो. पुढे भरतकामाच्या यंत्रावरून उतरलेल्या कापडाचे जादा धागे कापणे, खडे-टिकल्या लावणे हे काम घरोघरच्या बायका नगावर करतात, आणि त्यांत आपल्या खानदेशच्या लेकी-सुनाही आहेत. गडद लाल आणि गडद मरून यांचाही हिशेब हाच आहे, त्यामुळे निळ्याला एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे. पण निळा निवडणाऱ्या मुलीच्या हाती एक सोय अधिक आहे: लग्नाचा लाल जोडा बहुधा पेटीत जातो, निळा लेहंगा नवरात्रात, मैत्रिणीच्या हळदीत, बहिणीच्या साखरपुड्यात पुन्हा निघू शकतो. त्या हिशेबाने एकच घ्यावा, छटा थोडी उजळ घ्यावी, आणि शेवटच्या दोनशे रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी ते दोनशे धागे कापणारीच्या मजुरीतून जातात की गाळेवाल्याच्या नफ्यातून, हे एकदा विचारून पाहावे.