जैसलमेरच्या वाळूत साप शोधताना

थरच्या वाळवंटात साप शोधायचे ते पावसाळ्यात, दोन-चार सरी पडून गेल्यावर आणि अंधार झाल्यावर. दिल्लीच्या मयूर विहारमधले आम्ही काही जण त्या दिवसांत रात्रीची गाडी धरून जैसलमेरला जातो. मरू उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, म्हणून बाहेरच्या ढाण्यांलगत, म्हणजे वाड्यांलगत, शेतमालकाला विचारून फिरतो. पायात उंच बूट, हातात विजेरी. चिमटा किंवा काठी कुणी घेत नाही. प्राण्याला हात लावायचा नाही आणि दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, एवढं मान्य असेल त्यालाच मी सोबत नेते.

रात्री जे निसटतं ते पहाटे वाळूवर वाचता येतं, पण वारा सुटण्याआधी. फुरसं मऊ वाळूत आडवं चालतं, त्यामुळे सलग रेघ उमटत नाही. सुटे, तिरके, समांतर पट्टे दिसतात आणि त्यांच्या टोकाला आकड्यासारखं वळण असतं. वाळूची नागमोडी शीर फुगून वर आलेली दिसली, तर खालून सापसुरळी पोहत गेली असं समजायचं. लोंगेवाल्याच्या नावाने ओळखला जाणारा छोटा सरडा तर डोळ्यांदेखत अंग थरथरवून वाळूत बुडतो. सांडा दिवसा भेटतो, बिळाच्या तोंडाशी. काटेरी शेपटीचा हा पाला खाणारा गरीब प्राणी तेलासाठी मारला जातो. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असूनही हे चालतं, याचा मला फार संताप येतो.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. कातळावरचं वीतभर फुरसं लहानपणापासून ओळखीचं. थरमध्ये केर नावाच्या झुडपाखाली विजेरीच्या उजेडात सापडलं ते त्याहून बरंच लांब आणि फिकट होतं. आमची चाहूल लागताच त्याने अंगाचे वेढे एकमेकांवर घासायला सुरुवात केली. बाजूचे खवले करवतीसारखे असतात, त्यांचा आवाज तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरतो. डोकं वेढ्यांच्या मधोमध, नजर आमच्यावर. आम्ही मागे सरलो, तसा आवाज थांबला.

तिथल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मात्र वेगळ्याच सापाची धास्ती सांगितली. पीवणा रात्री छातीवर बसून झोपलेल्याचा श्वास पिऊन जातो. सकाळी माणूस गेलेला असतो आणि अंगावर जखम दिसत नाही. श्वास कुठलाही साप पीत नाही. पण त्या मेंढपाळबाबांनी जे पाहिलं होतं ते खरं होतं. पीवणा म्हणतात तो बहुधा सिंध मण्यार, आपल्या मण्यारीचा भाऊबंद. तो रात्रीचा हिंडतो आणि जमिनीवरच्या अंथरुणात शिरतो. दंश फारसा दुखत नाही, खुणाही जेमतेम दिसतात. मग पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. भारतात मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. सिंध मण्यार आणि थरचं फुरसं यांच्या विषापुढे ती तोकडी पडते, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं. तरी भोप्याकडे, म्हणजे तिथल्या मांत्रिकाकडे, न जाता रुग्णालयच गाठायचं, कारण आज हाताशी तीच लस आहे आणि श्वास चालू ठेवणारं यंत्रही तिथेच आहे.

हे सगळं दूरच्या वाळवंटातलं वाटेल, पण मयूर विहारच्या कडेला यमुनेचं खादर, म्हणजे पूरपात्र, आहे, आणि दिल्लीत मण्यारही आहे. 13 जुलै 2023 ला यमुना 208.66 मीटरवर गेली, तेव्हा खादरमधली कुटुंबं रस्त्याकडेच्या तंबूंत आली. पुराने माणसांसारखेच सापही बिळं सोडून वर येतात. आम्ही वस्तीतून जेवणाचे डबे नेले, कपडे नेले. माणसं जमिनीवर ताडपत्री टाकून झोपत होती, लेकरांसकट. त्या ताडपत्र्या पाहताना मला मेंढपाळबाबा आठवत होते. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो, हे नेपाळच्या तराईतल्या अभ्यासातून 2007 मध्येच पुढे आलं होतं.

पुढच्या पुरात मदत घेऊन जाल, तेव्हा कपड्यांच्या आधी खाटा आणि मच्छरदाण्या न्या. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचायला सांगा आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषावरची लस आहे, ते आजच विचारून ठेवा.