बांगडी अडते तिथे

वणीच्या बाजारात कासाराने एका बाईचा हात हातात घेतला आणि काढलेल्या हिरव्या बांगड्या पुन्हा दांडीला अडकवल्या. "ताई, दोन-चारची नाही जायची." मागच्या चैत्रात देवीच्या गडावर जाताना इथेच दोन-चारच्या भरल्या होत्या, ती म्हणाली. त्याने वाद घातला नाही. बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली. "आई गं!" तिने हात ओढून घेतला. "मनगट तेच आहे हो. सांधे सुजलेत, दोन्ही हातांचे," कासार म्हणाला.

कासाराचं माप मला फार आवडतं. दोन-चार म्हणजे दोन इंच, चार आणे. सोळा आण्यांचा एक इंच. 1957 साली दशमान नाणी आली, रुपयातले आणे गेले. बांगडीतले अजून चालतात. आणि हे माप मनगटाचं नाहीच. पंजा जिथे सर्वांत रुंद, तिथलं. श्रावणात आमच्याकडे कासारीणमावशी यायच्या. अंगठा तळव्यात दुमडायच्या, पंजा कणकेसारखा मळत बोलत राहायच्या, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर. आजीशी मात्र त्यांचं बोलणं थांबायचं. तिची सगळी बोटं करंगळीकडे कललेली. सकाळी तांब्या धरवत नसे. उन्हं वर आली की हात जरा मोकळा व्हायचा. वात आहे, म्हणायचे सगळे. आई निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. शेकाने बरं वाटे. बोटं वाकायची थांबली नाहीत. पुढे तिला पेच उघडून घालायच्या सोन्याच्या पाटल्या केल्या आणि काच तिच्या हातून कायमची गेली. ती चाळिशीत असतानाच हे सुरू झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मला आजही काचेचीच बांगडी आवडते. सोन्याला तो आवाज नाही.

संधिवाताचे डॉक्टरही बोटांची मुळं अशीच दाबून बघतात. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, सकाळी तासभर आखडलेले, दाबल्यावर कळ: मग आमवाताची शंका घ्यायची. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उठते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दुप्पट-तिप्पट. गुडघ्याची झीज वेगळी. तिथला सकाळचा ताठपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो आणि चालून, उभं राहून दुखणं वाढतं. चिकुनगुनियानेही सांधे महिनोन्‌महिने धरतात. 1973 साली बार्शीने ते भोगलं, 2006 साली महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांनी.

भिगवण गावात 1996 साली संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन 4,092 प्रौढांना विचारलं. 18.2 टक्क्यांना सांध्यांचं, हाडांचं किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. आमवात सुमारे 0.5 टक्के लोकांना. दोनशेत एक. म्हणूनच ती एक बाई उरलेल्यांच्या कण्हण्यात हरवते. वणीभोवतीच्या द्राक्षबागांत थंडीच्या दिवसांत घड द्रावणात बुडवणाऱ्या, विरळणी करणाऱ्या बायकांची बोटं दुखणारच, असं सगळे धरून चालतात. त्या बायकाही.

आजीच्या वेळी फारसं हाती नव्हतं. आज आहे. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज चुकूनही नाही. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्ततपासणी, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं. औषध लवकर सुरू झालं तर सांधा वाचतो. एकदा झिजलेलं हाड परत येत नाही. एका दिवसात आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका, त्यांत स्टेरॉइड असू शकतं. शेक घ्या, बोटं हलती ठेवा, पण त्यावरच थांबू नका.

घरातल्या बाईच्या हाताची सूज सहा आठवड्यांत उतरली नाही, तर वयाकडे बोट दाखवू नका. तिला संधिवाताच्या डॉक्टरकडे घेऊन जा. ती स्वतःहून जायची नाही.