चिलिकोथीचे जुने कब्रस्तान

ओहायोत भाचीकडे गेलो असता कोलंबसहून तासाभरावरचे चिलिकोथी पाहून आलो. सायोटो नदीकाठी १३ एकर जागेला मातीचा ठेंगणा बांध आहे आणि आत गवताने झाकलेली वीसहून अधिक टेकाडे. सुमारे २,००० वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी इथे आपल्या मृतांची राख पुरली. सोबत सुपीरियर सरोवराकडचे तांबे, मेक्सिकोच्या आखातातले शंख! टेकाडांवर कोणी चढायचे नाही. कबरीवर पाय देऊ नये, हे आमच्या मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

पण १९१७ साली इथेच लष्करी छावणी झाली आणि बहुतेक टेकाडे सपाट केली गेली. १९२३ मध्ये जागेला संरक्षण मिळाले, टेकाडे पुन्हा रचली. १८४६ च्या पाहणीचा नकाशा होता म्हणून बरे. २०२३ पासून हा जागतिक वारसा आहे. त्या पाहणीत उकरून काढलेल्या अनेक वस्तू मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येच आहेत.

छावणी उठवताना अडवणार तरी कोण? या पूर्वजांशी नाते सांगणाऱ्या शॉनी लोकांना १८३० च्या दशकातच ओहायोतून पश्चिमेकडे घालवून दिले होते. ते आता ओक्लाहोमातून जियारतीला येतात.