चेक रुग्णालयाच्या नावे

३६ वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी तरी लोकांचे फॉर्म ‘सही जुळत नाही’, ‘झेरॉक्स अटेस्टेड नाही’ म्हणून परत करण्यात गेली असतील. त्याची फेड याच जन्मी करावी लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा कुरिअरची पाकिटं पोचवायचा. वय २३. जिना चढताना धाप लागायला लागली, पाय सुजले. हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. लहानपणी घसा, सांधे धरले होते का, असंही विचारलं. “धरलं हुतं की,” मावशी म्हणाल्या. “गुडघं ह्ये एवढं सुजलेलं. तेल चोळलं, गेलं.”

गेलं नव्हतं. घशाच्या साध्या जंतुसंसर्गातून संधिवाताचा ताप येतो, सांधे बरे होतात आणि झडप मात्र आतून खराब होत राहते, हे मला त्या दिवशी कळलं. दाटीवाटीच्या खोल्यांत, घसा दुखला म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही अशा घरांत हा आजार जास्त. वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं तर बहुधा इथवर आलंच नसतं. आता हातात २ लाख ८० हजारांचं इस्टिमेट होतं.

“महात्मा फुले आरोग्य योजनेत बसेल ना?” मी मोठ्या माहितगाराच्या थाटात विचारलं. बसला नाही. रेशनकार्ड गावचं, त्यावर मुलाचं नाव कधी चढवलंच नव्हतं, आणि वर इस्टिमेट देणारं हे रुग्णालय योजनेच्या यादीत नव्हतं. पालिकेच्या एका रुग्णालयात नंबर चार महिन्यांनंतरचा मिळत होता. मुलाला रात्री आडवं झोपता येत नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, अहो, हे तर धर्मादाय रुग्णालय आहे. मी त्या इमारतीसमोरून वीस वर्षं जात होते. काचा, लिफ्ट, कॉफीचं दुकान बघून मला ते कधी धर्मादाय वाटलं नव्हतं. तळघरात, एक्स-रेच्या पलीकडे, समाजसेविकेची खोली सापडली. तिशीतली मुलगी. समोर फायलींचा ढीग आणि न संपलेला डबा. तिने दहा मिनिटांत मला जे सांगितलं ते मला ६१व्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा १९५०चा कायदा आहे. त्यातल्या कलम ४१ कक खाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, २००६पासून धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. शिवाय बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले २ टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’त टाकायचे. म्हणजे वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोलीत झोपलेला माणूस नकळत खालच्या वॉर्डातल्याचं औषध भरत असतो. तातडीचा रुग्ण असेल तर डिपॉझिट न मागता आधी दाखल करून घ्यायचं. ही मेहेरबानी नव्हे. करात आणि इतर बाबतींत मिळालेल्या सवलतींच्या बदल्यातलं हे देणं आहे.

“उत्पन्नाचा दाखला आणा,” ती म्हणाली. “तहसीलदारांचा.”

इथून माझी खरी उमेदवारी सुरू झाली. सेतू केंद्रात तीन फेऱ्या झाल्या. दाखला आला तो २ लाख ३० हजारांचा. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल घटक ३ लाख ६० हजारांपर्यंत. म्हणजे मावशी निर्धन नव्हत्या, नुसत्या दुर्बल होत्या. निम्मं बिल भरायचं. “पण मुलाची नोकरी आजारपणात गेली,” मी म्हटलं. “हो, पण दाखला गेल्या वर्षाच्या उत्पन्नाचा असतो,” खिडकीतला माणूस म्हणाला. हेच वाक्य याच सुरात मी कितीदा म्हटलं असेन.

उरलेल्या पैशांसाठी समाजसेविकेने एक कागद दिला: मदत करणाऱ्या ट्रस्टांची यादी. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. काही नावं पेनाने खोडलेली, काहींपुढे ‘फक्त मंगळवार’, ‘फक्त कॅन्सर’, ‘फक्त मुलं’ असे शेरे. मुंबईत असे कागद हातोहात फिरतात आणि शेकडो माणसं पिशवीत फाइल घेऊन फोर्ट, चर्नी रोड, प्रभादेवी अशी वारी करत असतात. प्रत्येक ट्रस्टचा फॉर्म वेगळा. प्रत्येकाला इस्टिमेट मूळ प्रत हवी, डॉक्टरांच्या शिक्क्यासह. मूळ प्रत एकच असते हे माझ्या बँकेतल्या डोक्याला पटायचं. पण मग सात ठिकाणी अर्ज करायचा कसा? समाजसेविका हसली आणि सात मूळ प्रती काढून दिल्या.

ऑपरेशन झाल्यावर अर्ज केला तर बहुतेक ठिकाणी तो विचारातच घेत नाहीत. रोख कुणी देत नाही. चेक रुग्णालयाच्या नावे. हे योग्यच आहे. पण चेक येईपर्यंत तारीख मिळत नाही आणि तारीख नसेल तर काही ट्रस्ट चेक काढत नाहीत. या गाठीपुढे मी दोनदा रडकुंडीला आले.

एका जुन्या कचेरीतला बाक मला विसरता येत नाही. उंच छत, संथ पंखा, भिंतीवर संस्थापकांची तसबीर. मोठ्या ऑफिसात जायचं म्हणून मावशी लेकीच्या लग्नातली साडी नेसून आल्या होत्या. शेजारी विरारहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या, या वारीत मुरलेल्या. त्या कानाशी लागून म्हणाल्या, “पुढच्या येळी साधी साडी नेसून या. आणि मोबाइल पिशवीत ठेवा.” आत गेल्यावर मावशींना विचारलं गेलंच: घरात टीव्ही आहे का? मावशींनी होय सांगितलं. मला त्यांचा अभिमानही वाटला आणि पोटात गोळाही आला. चेक ५ हजारांचा निघाला.

परतताना परळला उतरलो. तिथे वाडियांची दोन रुग्णालयं १९२६ आणि १९२९ची, केईएम १९२६चं. टाटा मेमोरियल १९४१चं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि वर्षभरात दोराबजींनी आपली संपत्ती ज्या ट्रस्टला दिली त्याने ते उभारलं. तेव्हाच्या दात्यांनी इमारती बांधल्या. इमारत साडी बघत नाही. पाच-पाच हजारांचे चेक वाटणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी समोरचा पुरेसा गरीब आहे ना, हे तपासावं लागतं. मला त्या कचेरीतल्या गृहस्थांचा राग आला होता. परळच्या फुटपाथवर, प्लास्टिकखाली पथारी टाकलेले रुग्ण बघून तो जरा उतरला. त्या गृहस्थांच्या टेबलावर रोज असे किती येत असतील.

सात अर्जांतून ६२ हजार जमले. ३० हजार बचत गटाने दिले. उरलेलं आम्ही काही घरांनी मिळून भरलं. ऑपरेशन नीट झालं.

मग कळलं की झडप बसवणं हा निम्माच खर्च. आता रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर, तिचं प्रमाण ठरवायला वरचेवर रक्ततपासणी, आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. मी पुन्हा ती यादी काढली. ऑपरेशनला ट्रस्ट आहेत, डायलिसिसला आहेत. महिन्याच्या गोळीला एकही सापडला नाही. तळघरातल्या त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “गोळीबरोबर कुणाला फोटो काढता येत नाही ना.” मग पटकन, “हे मी बोलले नाही हं.”

मावशींच्या मुलाचं नाव आता रेशनकार्डावर चढलंय. त्यालाही दोन महिने लागले. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना या आठवड्यात एवढंच विचारा: कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, उत्पन्नाचा दाखला काढलाय का? नसेल तर कचेरीत त्यांच्याबरोबर तुम्ही जा. आणि आजार यायच्या आधी जा.