बोटांची टोकं बघा

चौरास भागात मृगाचा पाऊस लागला की धानाच्या बांधी, बोडी, तलाव, जिकडून तिकडून बेडकांचा आवाज उठतो. आसगावच्या आमच्या कवेलूच्या घरात मात्र एक बेडूक न ओरडताच मुक्कामाला यायचा. न्हाणीच्या भिंतीवर, चुन्याच्या रंगात रंग मिसळून दिवसभर बसायचा. कुणी काठी उचलली की आजी म्हणायची, “राहू दे त्याले, चिलटं खाते थो.”

उभ्या भिंतीवर तो टिकतो कसा, हे कोडं मला शाळकरी वयात पडलं. उत्तर त्याच्या बोटांत होतं. प्रत्येक बोटाच्या टोकाला रुंद, गोल चकती. बांधीतल्या धिप्पाड बेडकाला ती नसते, खरखरीत, फोडाफोडांच्या कातडीच्या भेकालाही नसते. झाडबेडूक ओळखायची पहिली खूण हीच.

पुढे शिकायला बाहेर पडलो, तेव्हा पुस्तकात त्याचं शास्त्रीय नाव भेटलं: पॉलिपेडेटिस मॅक्युलॅटस. ग्रे यांनी 1830 मध्ये नोंदवलेली ही जात भारतभर आढळते. रंगावर विसंबू नये, हेही तिथेच कळलं. तोच बेडूक कधी गडद तपकिरी, कधी फिका दिसतो. मांडीची मागची बाजू मात्र फसवत नाही. गडद जाळीत तिथे पिवळे गोल ठिपके असतात. अंग सडपातळ, डोळे मोठे, बाहुली आडवी.

सुट्टीत गावी आलो की रोवण्याच्या दिवसांत टाक्याच्या काठावर, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर ताकाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसे. ते त्याचं घरटं. मादी अंगातून स्राव सोडून मागच्या पायांनी तो घुसळते आणि त्यातच अंडी घालते. वरचा थर वाळतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी डिंभ खाली पाण्यात पडतात. पाणी आटलं, तर सगळा खटाटोप वाया.

आज माझ्या घराला स्लॅब आहे, न्हाणीत गुळगुळीत फरशा आहेत. तरी पावसाळ्यात तो येतोच. त्याची कातडी पाणी शोषते. पाण्यातलं विषही त्याच वाटेनं आत जातं. म्हणून माझ्या गाववाल्यांना एवढंच सांगणं आहे: भिंतीवर बेडूक दिसला तर मीठ टाकू नका, आधी बोटांची टोकं बघा. टाक्यावरचा फेस घाण समजून पुसू नका, आणि फवारणीचा पंप बोडीत धुऊ नका.